गोळी कुठे लागली?

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावाबाहेरच्या मैदानावर शनिवारी सकाळी माणसांची एक रांग जमिनीवर पालथी पडलेली दिसते. त्यात बाप-लेक असतात, आई आणि तिची शाळकरी मुलगी असते, स्काउटांची एखादी तुकडी असते. हातात बहुधा पॉइंट टू-टूची हलकी रायफल आणि समोर 25 मीटरवर टांगलेला कागद. दोन दिवस हा सराव चालतो. मधल्या विश्रांतीत आणि जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षक एका दिवसाची गोष्ट टप्प्याटप्प्याने सांगत जातात. तो दिवस 19 एप्रिल 1775. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड या गावांत ब्रिटिश फौज आणि स्थानिक शेतकरी यांच्यात गोळीबार झाला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले, तो हा दिवस. ‘रिव्होल्यूशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन’ ही स्वयंसेवकांची संस्था ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’ या नावाने देशभर अशी शिबिरे भरवते. ॲपलसीड म्हणजे सफरचंदाचे बी; गावोगाव सफरचंदाची रोपे लावत हिंडलेल्या जॉन चॅपमनला अमेरिकी मुले याच नावाने ओळखतात. हातातले कौशल्य आणि देशाचा वारसा एकाच मैदानात पेरण्याचा हा उद्योग आहे. या शिबिरांकडे कौतुकाने पाहणारे आणि धास्तीने पाहणारे, दोघेही सगळे लक्ष बंदुकीवर देतात. मला मात्र तिथली गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नेमबाजी शिकवताना ही शिबिरे जो काटेकोरपणा मागतात, तोच इतिहास सांगताना पाळला, तर त्या गोष्टीतून निघणारा धडा बंदुकीपेक्षा बराच मोठा आहे. तो पाळला नाही, तर अर्धे शिबिर नेम शिकवते आणि उरलेले अर्धे तो चुकवते.

आधी नेमबाजीचा भाग नीट समजून घेऊ. परीक्षेचा कागद 25 मीटरवरच असतो, पण त्यावरच्या आकृत्या अशा लहान केलेल्या असतात, की त्या 100, 200, 300 आणि 400 यार्डांवरच्या माणसाच्या आकृतीएवढ्या भासतात. एकूण 40 गोळ्या. पहिल्या 10 उभ्याने, पुढच्या 10 बसून किंवा गुडघ्यावर टेकून, मग 10 पालथे झोपून वेगाने आणि शेवटच्या 10 झोपूनच, पण सावकाश. या शेवटच्या, सर्वांत लहान आकृत्यांवरच्या गुणांना दुप्पट मोल. एकूण गुण 250. 210 मिळाले की कापडाचा एक बिल्ला मिळतो आणि माणूस ‘रायफलमन’ ठरतो. या गुणांपर्यंत जाण्याची वाट मात्र ताकदीची किंवा तीक्ष्ण नजरेची नसते. रायफलचा पट्टा दंडाला कसा आवळायचा, कोपर नळीच्या बरोबर खाली कसे आणायचे, स्नायूंनी न पेलता हाडांच्या आधारावर बंदूक कशी ठेवायची, श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभराचा निवांतपणा येतो त्यात चाप हलकेच कसा दाबत न्यायचा, हे सगळे शिकवून येणारे आहे. म्हणूनच दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा बंदूक हाती घेऊन, घरी शिकारीची परंपरा असलेल्या काकांपेक्षा सरस ठरू शकते. काकांना जुन्या खोडी विसरायच्या असतात, तिला फक्त ऐकायचे असते.

या शिकवणीतली एक पायरी इथे विशेष कामाची आहे. गोळी सुटल्यावर चाप तसाच दाबून धरायचा, डोळा मिटू द्यायचा नाही, आणि कागदाकडे जाण्यापूर्वीच सांगायचे, की गोळी कुठे लागली असेल. सुटण्याच्या क्षणी नळीच्या टोकावरची खूण कुठे होती, याचा प्रामाणिक जबाब म्हणजे हा अंदाज. मग कागद पाहायचा. जबाब आणि भोक जुळले, तर चूक हाताची आहे हे कळते आणि ती सुधारता येते. जुळले नाहीत, तर एक तर बंदुकीची जुळणी बिघडलेली असते, नाहीतर चाप दाबताना आपण डोळे मिटले होते, हे कबूल करावे लागते. मनाला हवी ती जागा सांगणाऱ्याची प्रगती तिथेच थांबते. कौशल्याचा गाभा असा आपल्याच कृतीच्या निर्मळ साक्षीत असतो. मुलांच्या हाती बंदूक द्यावी की नाही, याबद्दल मतभेद राहतील. पण ‘मला काय वाटले’ आणि ‘काय झाले’ यांतला फरक दर काही मिनिटांनी कागदावर दाखवणारी शिकवण आजच्या मुलांना, आणि त्यांच्या आईवडिलांनाही, फारशी कुठे मिळत नाही, हे मान्य करायला हरकत नसावी.

हे शिक्षण देण्यासाठी वारशाची गरज असते का? नसते, आणि याचा पुरावा महाराष्ट्राला दूर शोधावा लागत नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. पट्टा, श्वास, चाप आणि गोळीनंतरची स्थिरता, सगळी विद्या मुळात तीच. भारतातल्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना 1951 ची, आणि तिचे संस्थापक-अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. म्हणजे आपल्याकडेही या खेळाच्या मुळाशी लोकशाहीच्या कारभारातला एक मराठी माणूस उभा आहे. तरीही आपल्या रेंजवर कोणी इतिहास सांगत नाही, आणि त्यामुळे नेमबाजी काही उणी पडत नाही. यावरून एवढे ठरते, की अमेरिकी शिबिरात वारशाचा भाग जोडला जातो तो नेम सुधारावा म्हणून नव्हे. नेमाला अर्थ मिळावा, हे कौशल्य कशासाठी याचे उत्तर मिळावे, म्हणून ती गोष्ट सांगितली जाते. मग त्या गोष्टीची तपासणी करणे भागच आहे.

घटना थोडक्यात अशी. बोस्टनमध्ये ठाण मांडलेल्या जनरल थॉमस गेजने 18 एप्रिलच्या रात्री लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथच्या हाताखाली सुमारे 700 सैनिक कॉन्कर्डकडे पाठवले. तिथे वसाहतींतल्या लोकांनी दडवलेला दारूगोळा जप्त करायचा होता. पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्करचे सत्तरच्या वर लोक उभे होते. तिथे गोळीबार झाला आणि त्यांतले आठ जण मेले. कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर मात्र उलट घडले. आसपासच्या गावांच्या तुकड्या एकत्र आल्या, हुकुमाने गोळीबार केला आणि ब्रिटिश मागे हटले. परतीच्या वाटेवर त्यांच्यावर मैलोन्‌मैल मारा होत राहिला. लॉर्ड पर्सी ताज्या दमाची कुमक घेऊन आला नसता, तर स्मिथची तुकडी शाबूत परतणे कठीण होते. दिवसअखेर ब्रिटिशांचे 73 जण मेले होते आणि 174 जखमी झाले होते. वसाहतींचे 49 जण मेले होते. शिबिरात ही हकिकत तीन ठिणग्यांची म्हणून सांगितली जाते: लेक्सिंग्टन, नॉर्थ ब्रिज आणि परतीची वाट. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी ती आहेच. तिच्या लगेच आधी किंवा नंतर रायफल हाती घ्यायची असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात एक चित्र आपसूक तयार होते: दगडी कुंपणाआडचा एकटा शेतकरी, त्याची रायफल, त्याचा अचूक नेम आणि साम्राज्याची दैना.

या चित्रातला पहिला दोष शस्त्राचा आहे. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांच्या हातात बहुतांशी रायफल नव्हतीच. त्यांच्याकडे गुळगुळीत नळीच्या, चकमकीच्या गारेवर उडणाऱ्या ठासणीच्या बंदुका, म्हणजे मस्केट, होत्या. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. मस्केटमध्ये ती नळीला आपटत बाहेर पडते आणि शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा राहत नाही. साडेतीन हजारांहून अधिक लोक दिवसभर, तेही रस्त्यावरून रांगेत चालणाऱ्या फौजेवर, गोळ्या झाडत होते. त्या मानाने बळींचा आकडा पाहिला, तर बहुतेक गोळ्या वाया गेल्या हे उघड आहे. लांब नळीची रायफल पेन्सिल्वेनियातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेली, सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांची. ती या युद्धात आली नंतर. कॉन्टिनेंटल काँग्रेसने 14 जून 1775 रोजी पेन्सिल्वेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियातून रायफलवाल्यांच्या दहा तुकड्या उभारायचा ठराव केला. बोस्टनच्या वेढ्यात ते दाखल झाले, त्यांच्या नेमाची कीर्ती झाली, आणि काही आठवड्यांतच त्यांच्या बेशिस्तीने वॉशिंग्टन त्रासून गेला. सप्टेंबरमध्ये तर त्यांच्यातल्या एका तुकडीने सरळ बंड केले.

शिबिरातल्या एका सराव-कागदावर 13 गोळ्या झाडायच्या असतात, 13 वसाहतींच्या आठवणीसाठी. त्यांतली शेवटची गोळी डॅनियल मॉर्गनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या लाकडी फळीच्या चित्रावर मारायची असते. मॉर्गन हा रायफलवाल्यांचा दैवतासारखा नायक. पण त्याच्याच लढाया काय सांगतात? रायफल भरायला वेळ लागत असे आणि तिला संगीन बसत नसे, त्यामुळे शत्रू धावून आला की उत्तम नेमबाजही उघडा पडायचा. म्हणून 1777 मध्ये सॅराटोगाला मॉर्गनच्या माणसांच्या जोडीला हेन्री डिअरबॉर्नचे संगीनधारी पायदळ दिले होते. जानेवारी 1781 मध्ये काउपेन्सला मॉर्गनने नागरी फौजेकडून मोजक्याच फैरी मागितल्या. त्या झाडा आणि मागे या, पुढचे पाठीमागे उभ्या असलेल्या कवायती सैन्याने पाहायचे, असा त्याचा बेत होता आणि तो कमालीचा यशस्वी ठरला. नेमबाजांचा हा सर्वांत मोठा सेनापती जिंकला तो नेमाची मर्यादा ओळखून, आणि प्रत्येकाला पेलेल एवढेच काम वाटून देऊन.

मग 19 एप्रिलचा दिवस कशाने जिंकला? त्याचे उत्तर साडेसात महिने आधीच्या एका फजितीत आहे. 1 सप्टेंबर 1774 रोजी गेजच्या सैनिकांनी बोस्टनजवळच्या कोठारातली बंदुकीची दारू गुपचूप उचलून नेली. अफवा पसरल्या, हजारो माणसे शस्त्रे घेऊन बाहेर पडली, पण तोवर सगळे आटोपले होते. या गोंधळातून धडा घेऊन गावे कामाला लागली. ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने सांगितले, की मिलिशियातल्या, म्हणजे नागरी फौजेतल्या, चौथाई लोकांच्या वेगळ्या तुकड्या करून त्यांना क्षणाच्या सूचनेवर निघता येईल असे तयार ठेवा. हेच पुढे गाजलेले ‘मिनिटमेन’. गावोगावच्या सभांनी कवायतीसाठी पैसे मंजूर केले, माणसांनी आपले अधिकारी मत देऊन निवडले, हजेरी लागू लागली. कोणी घोड्यावरून कोणाला उठवायचे, कोणत्या चर्चची घंटा वाजवायची, याचे जाळे विणले गेले. त्या रात्री पॉल रिव्हिअर निघाला, तसाच विल्यम डॉस दुसऱ्या वाटेने निघाला. रिव्हिअर वाटेत पकडला गेला आणि कॉन्कर्डला बातमी पोचवली ती सॅम्युअल प्रेस्कॉट या तरुण डॉक्टरने. लाँगफेलोने 1860 मध्ये लिहिलेल्या कवितेमुळे अमेरिकेच्या आठवणीत एकटा रिव्हिअर राहिला आणि बाकीचे पुसले गेले. डेव्हिड हॅकेट फिशर या इतिहासकाराने 1994 च्या आपल्या ग्रंथात हे जाळे कागदपत्रांतून पुन्हा उभे केले. ज्याने ते अंगावर झेलले त्या पर्सीचा निष्कर्षही वेगळा नव्हता. या लोकांना जो विस्कळीत जमाव समजेल तो फसेल, असे त्याने दुसऱ्याच दिवशी पत्रात कळवले.

यात वैयक्तिक कौशल्य बिनमहत्त्वाचे होते असे म्हणणे हा दुसऱ्या बाजूचा अतिरेक होईल. ॲक्टन गावचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस बंदुका घडवणारा होता. त्याने घरामागे सरावाची जागा केली होती, आपल्या माणसांकडून नेमाने कवायत करून घेतली होती, त्यांना संगिनी पुरवल्या होत्या. नॉर्थ ब्रिजवर सर्वांत पुढे कोण, हा प्रश्न आला तेव्हा त्याची तुकडी पुढे झाली आणि तिथे पहिल्या फैरींत तो मेला. त्याचा सराव कामी आला, यात शंका नाही. पण तो कामी आला कारण तो तुकडीचा सराव होता, आणि ती तुकडी गावाची होती. शिबिराच्या सुरक्षिततेच्या चार नियमांत हाच विचार न बोलता बसलेला आहे. नळी सुरक्षित दिशेला ठेवा. सांगितल्याशिवाय गोळी भरू नका. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा. हे तीन नियम ज्याचे त्याला पाळता येतात. चौथा नियम असा, की आजूबाजूचे लोकही हे नियम पाळत आहेत याची खात्री करा. म्हणजे रांगेतल्या आठ वर्षांच्या पोरालाही शेजारच्या दांडग्या गृहस्थाला थांबवण्याचा अधिकार आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. 1775 च्या मॅसॅच्युसेट्सचा खरा वारसा शोधायचा, तर तो दगडी कुंपणाआडच्या चित्रापेक्षा या चौथ्या नियमात जास्त सापडतो. शिबिराने तो आपल्या हातांना शिकवला आहे. गोष्टीला अजून पुरता शिकवलेला नाही.

वारसा पुरता सांगायचा तर त्या चित्रात न बसणारी माणसे आणि न शोभणारे कायदेही सांगावे लागतात. लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक हा काळा गुलाम होता. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी तो उभा राहिला, त्यांच्यातल्याच एकाची तो कायद्याने मालमत्ता होता. सतराच वर्षांनी, 1792 मध्ये, नव्या राष्ट्राने मिलिशियाचा कायदा केला आणि 18 ते 45 वयाच्या प्रत्येक सुदृढ नागरिकाने स्वतःची बंदूक घेऊन हजेरी लावावी असे ठरवले. पण ‘नागरिक’ या शब्दामागे ‘गोरा पुरुष’ अशी अट घातली. हे वाचून मुलांचे देशप्रेम आटेल अशी भीती अनेकांना वाटते. मला उलट वाटते. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट दिसते: बंदूक बाळगणे तेव्हा सवलत म्हणून आलेले नव्हते, ते यादीत नाव, ठरलेल्या दिवशी हजेरी आणि वरिष्ठाची तपासणी अशा बंधनांसकट आले होते. ज्याला आजच्या वादांत या इतिहासाचा दाखला द्यायचा आहे, त्याने तो कोणत्याही बाजूने द्यावा, पण अख्खा द्यावा.

आता या शिबिरांवरचे आक्षेप पाहू. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की हे सारे ठीक आहे, पण ज्या देशात बंदुकांनी एवढी माणसे मरतात तिथे मुलांच्या मनात बंदूक आणि देशभक्ती यांची गाठ मारणे मुळातच बेजबाबदारपणाचे आहे. आकडे खरोखर भीषण आहेत. 2021 मध्ये अमेरिकेत 48,830 माणसे बंदुकीने मेली, आणि 2020 पासून एक ते एकोणीस वर्षे वयातल्या मुलामुलींच्या मृत्यूचे बंदूक हे पहिले कारण झाले आहे. ‘आमच्या रेंजवर कोणी जखमी होत नाही’ हे याला उत्तर होऊ शकत नाही. मैदानावरची शिस्त घराच्या कपाटापर्यंत पोचली का, हा खरा प्रश्न आहे. वरच्या आकड्यातले 26,000 हून अधिक मृत्यू आत्महत्येचे आहेत. मनाच्या वाईट घडीला कुलूपबंद नसलेली बंदूक हाताशी असणे घातक ठरते, तिथे नेम चांगला की वाईट याला काही अर्थ उरत नाही. म्हणून आक्षेपाचा अर्धा भाग मी स्वीकारतो: बंदूक, काडतुसे आणि किल्ली वेगवेगळी ठेवणे, आणि घरातल्या माणसाचे मन ढासळताना दिसले तर बंदूक काही काळ दुसरीकडे हलवणे, हे पाठ श्वास आणि चापाइतकेच सक्तीचे असायला हवेत. चौथा नियम घरालाही लागू करण्याचाच हा प्रकार आहे. उरलेला अर्धा भाग मला पटत नाही. ज्या घरांत बंदुका आधीच आहेत, तिथल्या मुलाला त्यांची ओळख व्हिडिओ गेममधून, चित्रपटातून किंवा फुशारक्या मारणाऱ्या थोरल्या भावाकडून होण्यापेक्षा, आईवडील शेजारी असताना आणि प्रत्येक हालचाल हुकुमाने होत असताना व्हावी, हे केव्हाही बरे.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. शिबिरात प्रशिक्षकांना चालू राजकारणावर बोलायची मुभा नसते. संशयी माणूस म्हणतो, की हा नुसता देखावा आहे. बंदूक आणि राज्यक्रांतीची गोष्ट शेजारी ठेवली की न बोललेले राजकारण ऐकू येतेच. हा संशय इतिहासाने पोसलेला आहे. अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन 1871 मध्ये स्थापन झाली ती यादवी युद्धातल्या सैनिकांचा भिकार नेम पाहून व्यथित झालेल्या विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. नेमबाजी शिकवणे हेच तिचे काम होते, आणि 1903 पासून सरकारनेही नागरिकांच्या नेमबाजीसाठी एक मंडळ चालवले. 1977 मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात क्रीडेकडे झुकलेले नेतृत्व सभासदांनी उलथवले, आणि त्यानंतर ही संस्था प्रामुख्याने राजकीय दबावगट म्हणून ओळखली जाऊ लागली. नेमबाजीची संघटना केव्हा दुसरेच काही होऊन बसेल, याचा हा धडा आहे. म्हणून मौनाचा नियम मला चांगला वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. मौन पक्षांपासून वाचवते, अपुऱ्या गोष्टीपासून वाचवत नाही. एकट्या शेतकऱ्याचे चित्र मनात घेऊन घरी गेलेल्या मुलाला कोणाचे नाव न घेताही एक राजकारण शिकवले गेलेले असते: सरकार म्हणजे परके आणि बंदूक म्हणजे शेवटचा आधार. गावसभा, मंजूर झालेला पैसा, निवडलेला अधिकारी आणि घोडेस्वारांचे जाळे हे सगळे त्या चित्रात आले, की तेच मूल वेगळे काहीतरी शिकते. त्या दिवशी लढलेले लोक सरकार नाकारायला आले नव्हते. ते स्वतःच चालवलेल्या कारभाराच्या बचावासाठी आले होते.

तिसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो आपल्याकडेही ओळखीचा आहे: मुलांना गोष्ट सोपी करूनच सांगावी लागते, राष्ट्रे दंतकथांवर उभी असतात, तुम्ही प्रत्येक ठिकाणी तळटीप घालू लागलात तर ऐकेल कोण? सोपी गोष्ट आणि खोटी गोष्ट यांत फरक आहे, एवढे उत्तर इथे पुरते. शिवाय दंतकथेची नशा एकाच बाजूला चढते असे नाही. मायकेल बेलसाइल्स या प्राध्यापकाने 2000 मध्ये ‘आर्मिंग अमेरिका’ हा ग्रंथ लिहिला. सुरुवातीच्या अमेरिकेत बंदुका फारशा नव्हत्याच, असा त्याचा दावा होता. बंदूकविरोधी वाचकांना तो हवाहवासा वाटला आणि इतिहासातला मानाचा बॅन्क्रॉफ्ट पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे त्याने दाखला दिलेल्या मृत्युपत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्या जुळेनात, आणि 2002 मध्ये पुरस्कार परत घेतला गेला. त्यानेही डोळे मिटूनच गोळीची जागा सांगितली होती. अभ्यासकांनी कागद तपासला, हे मात्र त्या विद्याशाखेला शोभणारे झाले.

प्रामाणिक गोष्ट रंगत नाही, ही समजूतही खरी नाही. लेक्सिंग्टनला पहिली गोळी कोणी झाडली, हे आज 250 वर्षांनंतरही ठरलेले नाही. प्रांतिक काँग्रेसने लढाईनंतर काही दिवसांतच जवळजवळ शंभर साक्षीदारांच्या शपथेवरच्या जबान्या नोंदवून घेतल्या आणि जॉन डर्बी या कप्तानाच्या ‘क्वेरो’ जहाजातून इंग्लंडला पाठवल्या. गेजचा सरकारी अहवाल आधी निघूनही डर्बी त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी लंडनमध्ये पोचला. मेलेल्यांचा दुखवटा चालू असताना माणसांनी आधी साक्षी गोळा केल्या, आणि आपली बाजू जगापुढे मांडली ती शपथेच्या कागदांनी. त्या जबान्या एकतर्फी होत्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नोंदी उलट सांगतात. मग दोन्ही बाजूंच्या साक्षी रांगेतल्या मुलांपुढे ठेवाव्यात आणि त्यांना विचारावे: तुम्हाला काय वाटते, आणि कशावरून? जे मूल सकाळी ‘माझी गोळी डावीकडे गेली, कारण मी चाप झटक्याने ओढला’ असे सांगायला शिकले आहे, त्याला दुपारी ‘हे आपल्याला नक्की माहीत नाही’ हे वाक्य जड जाणार नाही.

अशा वारशाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांनाही लागू पडतो. बोस्टनच्या उपनगरांत आणि न्यू जर्सीत अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत आणि त्यांची मुले शाळेत हाच इतिहास शिकतात. त्यांचे पूर्वज नॉर्थ ब्रिजवर नव्हते. वारसा जर रक्तातून येत असेल, तर ही मुले त्या गोष्टीत कायमची पाहुणी. एकट्या वीराच्या चित्रातही त्यांना फार तर प्रेक्षकाची जागा. पण तो वारसा हजेरीचा, कवायतीचा, सभेत मत देण्याचा, शेजाऱ्यावर लक्ष ठेवण्याचा आणि खरे सांगण्याचा असेल, तर तो सरावाने कमावता येतो, आणि जो कमावेल त्याचा होतो. 210 गुणांचा बिल्ला कोणाला वडिलांकडून मिळत नाही. कोणाचे आजोबा कोण, हे कागद विचारत नाही.

रांगेवर शेवटी एक क्षण येतो. गोळीबार थांबवण्याचा हुकूम होतो. काडतुसांची पेटी काढून, नळी रिकामी असल्याची खूण लावून प्रत्येक रायफल जमिनीवर ठेवली जाते आणि रांग सुरक्षित असल्याचे जाहीर होईपर्यंत कोणी पुढे पाऊल टाकत नाही. मग सगळे एकदम उठतात आणि 25 मीटर चालत आपापल्या कागदाकडे जातात. या वेळी बंदुकीला कोणी हात लावायचा नसतो. कागदापाशी उभे राहून भोके मोजायची, गुण लिहायचे, चुकलेल्या गोळीचे कारण शोधायचे, आणि शेजारच्याच्या कागदावरही नजर टाकायची. शिबिराच्या दोन दिवसांत ही फेरी कितीतरी वेळा होते. दुपारच्या गोष्टीनंतरही ती एकदा व्हायला हवी.